पहिली ते तिसरीच्या गटखेळांची पेटी: पैसे देण्याआधी दुकानातच उघडून बघा

कोल्हापुरात महाद्वार रोडपासून शाहूपुरीपर्यंत शालेय साहित्याच्या दुकानांत पहिली ते तिसरीसाठी गटखेळांची एक मोठी पेटी मिळते. दोन-तीन नावांनी येते, झाकणावरचं चित्र बदलतं, आतला माल जवळपास तोच. म्हणून इथे नावाऐवजी आत काय आहे ते बघू. ४०० सुटे एकक ठोकळे, ८० दशक दंडे (एक दंडा दहा ठोकळ्यांइतका), ८ शतक पाट्या (एक पाटी दहा दंड्यांइतकी), १६ फासे, सापशिडीचे ४ पट, डॉमिनोचे ४ संच, २०० पत्ते, वाळूची २ घड्याळं आणि एक पुस्तिका. छापील किंमत १,८५० रुपये, थोडी घासाघीस केली तर सोळाशेच्या आसपास. खोक्यावर ठळक लिहिलंय: '४ गट, २४ मुलं'.

गणिताचं सामान घेण्यासारखं आहे, भाषेचे पत्ते घेण्यासारखे नाहीत. आणि '२४ मुलं' हा हिशेब मुळातच चुकलाय. ही चूक आधी समजून घ्या, कारण पेटीतल्या निम्म्या अडचणी तिच्यातून निघतात.

चार गटांत २४ म्हणजे एका गटात सहा. फासा टाकायचा, ठोकळे मोजून घ्यायचे, बदलायचे, मोठ्यानं सांगायचं, याला दुसरीतल्या मुलाला ४० सेकंद तरी लागतात. सहाजण असले की आपली बारी परत यायला मधे पाच जणांचे २०० सेकंद जातात. तीन मिनिटं वीस सेकंद नुसतं बसून राहायचं. पंधरा मिनिटांच्या खेळात एकेकाला चार बाऱ्याही मिळत नाहीत. मग चौथ्या-पाचव्या जागेवरचं मूल ठोकळ्यांची बंदूक करतं, सहावं शेजारच्या गटात डोकावतं, आणि बाईंना वाटतं की मुलांना गटात बसायची सवय नाही. सवयीचा प्रश्नच नाही, हाताला काम नाही. तिघांच्या गटात तेवढ्याच वेळात सात बाऱ्या होतात, चौघांच्या गटात पाच-सहा. कुठलाही गटखेळ विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा: पंधरा मिनिटांत एका मुलाचा हात सामानाला किती वेळा लागतो?

त्यामुळे ही पेटी २४ नव्हे, १६ मुलांची समजा. चौघांचे चार गट पेटीवर, उरलेली आठ मुलं फळ्याजवळ बाईंसमोर वाचनाला किंवा लिहायला. दुसऱ्या दिवशी दुसरी आठ, तिसऱ्या दिवशी तिसरी. तीन दिवसांत सगळी मुलं दोनदा खेळतात, आणि प्रत्येक मूल एकदा बाईंच्या अगदी समोर बसतं. चाळीस जणांच्या वर्गात जे एरवी जमतच नाही, ते चोविसाच्या वर्गात तरी साधून घ्यावं. मात्र अट एक: ज्या दिवशी बाई आठजणांत गुंतल्यात, त्या दिवशी गटांना नवा खेळ द्यायचा नाही. नवा खेळ शिकवायचा दिवस वेगळा, आणि त्या दिवशी एकच. जागेअभावी किंवा पटसंख्येमुळे सहाचाच गट करावा लागला, तर सहांच्या तीन जोड्या करा. जोडीतल्या एकानं फासे टाकायचे, दुसऱ्यानं ठोकळे मोजायचे, पुढच्या बारीला अदलाबदल.

आता दंड्यांबद्दल. पेटीतला सगळ्यांत मोलाचा भाग हाच आणि मोजमाप चुकलंय तेही इथेच.

पुस्तिकेतला पहिला खेळ 'शंभराची शर्यत'. दोन फासे टाकायचे, बेरजेइतके सुटे घ्यायचे, दहा सुटे झाले की बँकेला, म्हणजे मधल्या ढिगाला, देऊन एक दंडा घ्यायचा, दहा दंडे झाले की पाटी. खेळ उत्तम आहे. दशक म्हणजे काय हे फळ्यावर दहा वेळा सांगून कळत नाही ते इथे हाताला कळतं, कारण दहा देऊन एक घेताना मुलाला आधी तोटा झाल्यासारखं वाटतं आणि मग ते दंडा मोजून बघतं. पण प्रत्येक गटाच्या वाट्याला दंडे येतात २०. चौघांपैकी एकजण शंभरावर पोचेपर्यंत बाकीचे सत्तर-ऐंशी-नव्वदच्या घरात असतात, म्हणजे ३४-३५ दंडे लागतात. दोन फाशांची सरासरी सात धरली तर सातव्या-आठव्या फेरीला बँकेतले दंडे संपतात. मग 'बाई, दंडे संपले' अशी हाक येते. कुणीतरी सुटे साठवत बसतं, आणि ज्यासाठी खेळ मांडला ती अदलाबदलच थांबते. सुटे मात्र एका गटाला १०० दिलेत, लागतात जेमतेम पन्नास: चौघांकडे जास्तीत जास्त नऊ-नऊ, आणि ज्याची बारी त्याचे आणखी बारा. कारखान्यानं सोपी वस्तू भरपूर घातली आणि लागणारी तोकडी ठेवली.

यावर सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे शर्यत पन्नासाची करणं. पन्नासाला सगळे मिळून १८ च्या वर दंडे कधीच लागत नाहीत, २० पुरतात. वेळही जमतो. शंभरासाठी प्रत्येकाच्या पंधराएक फेऱ्या लागतात, चौघांच्या मिळून चाळीस मिनिटं, आणि तासिका तेवढीच किंवा त्याहून लहान. पन्नासाला वीस-एकवीस मिनिटं. मांडायला-आवरायला वेळ उरतो आणि डाव अर्धवट राहत नाही. अर्धवट राहिलेला डाव मुलांना फार लागतो, हे कुठल्याही वर्गात दिसतं.

पन्नासाची शर्यत दोन-तीन आठवडे खेळून झाली की उलटी खेळा. प्रत्येकाला पाच दंडे देऊन सुरुवात, फाशावर पडेल तेवढं बँकेला परत, शून्यावर आधी पोचेल तो पुढे. चौघांचे पाच म्हणजे बरोबर २० दंडे! हातचा घेऊन वजाबाकी करताना जे कळत नाही ते इथे समोर येतं. जवळ तीन सुटे आहेत, द्यायचेत आठ, मग एक दंडा मोडल्याशिवाय गत्यंतर नाही. पुस्तिकेत हा खेळ नाही. तो छापला असता तर पेटीची किंमत वसूल झाली असती.

दंडे विकत घेताना एक गोष्ट तपासा. दहा सुटे ठोकळे एका रांगेत एकमेकांना टेकवून दंड्याशेजारी ठेवा, दोन्हींची टोकं जुळली पाहिजेत. काही पेट्यांत दंडा नखभर लांब भरतो. मोठ्यांना ते दिसतही नाही, पण पहिलीतलं मूल त्या फटीत अकरावा ठोकळा बसवायला बघतं, आणि बसला नाही तरी त्याच्या मनात शंका राहून जाते. अशी पेटी परत करा. आणि एक सेंटिमीटरचे ठोकळे बालवाडीच्या हातात देऊ नका, ते नाका-तोंडात जातात.

बारी संपली की मुलानं आपल्याजवळ किती झाले ते बोलून दाखवायचं, हा नियम पक्का ठेवा. इथे मराठीची स्वतःची एक अडचण येते. आपण 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे पाच आधी, वीस मागून. मूल ऐकतं तसं लिहितं आणि पाटीवर ५२ येतं. याच कारणासाठी २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात कुठलीही बाजू घ्या, वर्गात मात्र दोन्ही बोलायला हरकत नाही. समोर दोन दंडे डावीकडे, पाच सुटे उजवीकडे मांडलेले असतात. बोट दंड्यांवर ठेवून 'वीस', सुट्यांवर ठेवून 'पाच', मग सगळ्यावर हात फिरवून 'पंचवीस'. बोट आणि तोंड एकत्र चाललं की ५२ लिहिणं कमी होतं.

दुसरा खड्डा 'एकोण'चा. एकोणतीस ऐकलं की 'तीस' कानात राहतं आणि ३९ लिहिलं जातं. १९ पासून ८९ पर्यंत सगळे नऊवाले असेच पुढच्या दशकाचं नाव घेऊन येतात, आणि ९९ एकटा नव्व्याण्णव होऊन वेगळा निघतो. पेटीतल्या अंक-अक्षर पत्त्यांत मात्र फक्त १ ते २० आहेत. म्हणजे जिथे मूल अडत नाही तिथे ४० पत्ते, आणि जिथे अडतं तिथे एकही नाही. २१ ते ९९ मधले गोंधळाचे आकडे निवडून बारा जोड्या घरी करा: २९, ३९, २५, ५२, ३२, २३, ५९, ६९, ५३, ६३, ७९, ९९. एका पत्त्यावर आकडा, दुसऱ्यावर नाव. पालथे पसरून जोड्या लावायचा खेळ सुरुवातीला सहाच जोड्यांनी खेळा. पेटीतल्यासारख्या वीस जोड्या एकदम पसरल्या तर कुठे काय आहे हेच लक्षात ठेवण्यात सगळी शक्ती जाते.

सापशिडीचा पट दिसायला छान आहे, छपाई स्वच्छ. पण आकडे नागमोडी जातात, दहानंतर अकरा डोक्यावर आणि पुढे उलट दिशेनं. त्यामुळे १३ हा ३ च्या वर येत नाही, आणि दहाची उडी म्हणजे सरळ वरचं घर हे नातं दिसत नाही. खेळ म्हणून ठीक, दशक शिकवायला नाही. पटाची मागची बाजू कोरी आहे. तिथे स्केचपेननं १० बाय १० ची सरळ चौकट आखा, प्रत्येक ओळ डावीकडून सुरू, आणि वरून रुंद पारदर्शक टेप. एक चूक जवळजवळ प्रत्येक मूल करतं: सोंगटी २७ वर, फाशात ४, तर २७ चंच घर 'एक' धरून ३० वर जातं. त्यासाठी सोंगटी हलवण्याआधी तोंडानं 'सत्तावीस आणि चार, एकतीस' म्हणायचं. मग चालून बघायचं. जुळलं नाही तर गटातलं दुसरं कुणीतरी बोलतंच, बाईंना उठावं लागत नाही.

डॉमिनोच्या सोंगट्या लाकडी, कोपरे गोल, रंग पक्का. पण पुस्तिकेतला खेळ फसलेला आहे. 'टेकणाऱ्या दोन टोकांची बेरीज १० झाली पाहिजे' असा नियम दिलाय, आणि संच आहे शून्य ते सहाचा. दहा होतात ते फक्त ४ आणि ६, किंवा ५ आणि ५. शून्य, एक, दोन, तीन यांना जोडीच नाही! चौथ्या चालीला खेळ अडतो आणि मुलांना वाटतं आपलंच चुकतंय. नियम 'बेरीज ६' करा: शून्याला सहा, एकाला पाच, दोनाला चार, तिनाला तीन. प्रत्येक टोकाला जोडी मिळते. वाटपही बदला. २८ सोंगट्या चौघांना सात-सात वाटल्या की गंजी उरत नाही, ज्याच्याकडे चाल नाही ते मूल नुसतं 'पास' म्हणत बसतं. पाच-पाच वाटा, आठ मधे पालथ्या ठेवा, चाल नसेल तर एक उचलायची.

भाषेच्या पत्त्यांबद्दल लिहिताना खरंच वाईट वाटतं. १६० अक्षर-शब्द पत्त्यांत 'ळ' नाही. हिंदीसाठी केलेला संच वरचं आवरण बदलून मराठी म्हणून पाठवलाय हे त्यावरूनच कळतं. कोल्हापूरच्या मुलाला या पत्त्यांतून रंकाळा लिहिता येत नाही, पन्हाळा येत नाही, शिरोळ येत नाही, गूळ येत नाही. 'गुऱ्हाळ' तर दोन ठिकाणी अडतं, कारण 'ऱ्ह'चा तुकडाही नाही. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत. मराठी लिपीबाबतच्या २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलेला आहे, आपली पाठ्यपुस्तकं तसंच छापतात. पहिलीतलं मूल पुस्तकात एक ल बघतं, पत्त्यावर दुसरा, आणि ही दोन वेगळी अक्षरं आहेत असं धरून चालतं. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्या गावच्या दुकानात मुलांच्या पहिल्या अक्षरांचा संच तरी मराठी असायला हवा. दुकानदारांनी तो ठामपणे मागवला पाहिजे, आणि आपण शिक्षकांनी हा परत केला पाहिजे.

पत्त्यांचा कागदही तपासण्यासारखा आहे. लॅमिनेशन एकाच बाजूला केलंय. जून-जुलैत हवेत ओल आली की उघडी बाजू दमट होऊन फुगते, गुळगुळीत बाजू तशीच राहते, आणि पत्ता पापडासारखा वळतो. त्यातही प्रत्येक पत्ता वेगळा वळतो. जोड्या लावायच्या खेळात 'वाकडा तो सतरा' हे तीन दिवसांत सगळ्या गटाला पाठ होतं, मग वाचायची गरजच उरत नाही. शिवाय पत्ता खिडकीकडे धरला की मागून आकडा दिसतो. घरी पत्ते कराल तेव्हा जाड कार्डशीट घ्या, पाठीला गडद रंगाचा कागद चिकटवा आणि दोन्ही बाजूंना लॅमिनेशन करा. कडेनं तीन-चार मिलिमीटर प्लास्टिक सोडूनच कापा, अगदी कडेला कापलं की ओल आत शिरते. आंतरराष्ट्रीय अंकातले 6 आणि 9 असतील तर खाली रेघ मारा, समोर उलटं बसलेल्या मुलाला ते एकमेकांचे दिसतात. गठ्ठ्याला रबर लावू नका, पावसाळ्यात ते चिकटून पत्त्यावर डाग पाडतं. कापडी पिशवी किंवा नाडी बरी.

पेटीची आतली मांडणी ही शेवटची मोठी तक्रार. चारही गटांचे ठोकळे एकाच कप्प्यात ओतलेले. वर्गात ते मोजून वाटायला सात-आठ मिनिटं आणि गोळा करायला तेवढीच. पेटी घरी आणली की पहिल्याच दिवशी सामान चार झाकणाच्या डब्यांत वेगळं करा. प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा: सुटे ५०, दंडे २०, पाट्या २, फासे ३, डॉमिनो २८. डब्याचा एक रंग ठरवा आणि त्यातल्या प्रत्येक दंड्याच्या टोकाला, फाशाच्या कोपऱ्याला, सोंगटीच्या मागे त्याच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका लावा. पेटीत सगळ्या गटांचे दंडे एकाच निळ्या रंगाचे आहेत, ठिपका नसेल तर फरशीवर सापडलेला दंडा कुणाचा यावरून रोज भांडण. उरलेले दोनशे सुटे आणि चार फासे वेगळ्या पिशवीत, हरवले की तिथून भरायचे.

गटात तीन कामं वाटून द्या: एकजण डबा आणणार-नेणार, एकजण बँक सांभाळणार, एकजण बोललेला आकडा पाटीवर लिहिणार. चौथं मूल मोकळं, आणि दर आठवड्याला कामं एकेक घर सरकतात. डबा परत ठेवण्याआधी डबेवाल्यानं यादीप्रमाणे मोजायचं. सुट्यांची मोजणीसुद्धा दहा-दहाचे ढीग करून होते, तेवढंच गणित.

फासे लाकडी आहेत, ठिपके खोलगट नसून रंगवलेले, दोन-तीन महिन्यांत पुसट होतात. शहाबादी फरशीवर आठ फासे एकदम पडू लागले की वर्गात बोललेलं ऐकू येत नाही. डब्याच्या झाकणात जुन्या सतरंजीचा तुकडा घाला आणि फासा झाकणातच टाकायचा, बाहेर गेला तर बारी गेली. फासा कपाटाखाली जाणंही थांबतं. वाळूची घड्याळं दोनच, तीही एक मिनिटाची, चार गटांना निरुपयोगी. पुस्तिका मराठीत आहे, पण 'पुढील खेळाडूला वळण पास करा' असल्या मराठीत. एका खेळाला एक कार्ड, त्यावर चार चित्रं आणि चार छोटी वाक्यं, असं आपण लिहून डब्यात टाकावं.

दंडे कमी पडतात म्हणून दुसरी पेटी घ्यायची गरज नाही. सुटे दंडे दुकानात विचारले तर बहुधा 'पेटीच घ्या' असं उत्तर मिळतं. उद्यमनगरात लेझर कटिंग करणाऱ्याकडून ३ मिलिमीटर जाडीच्या फळीत १ बाय १० सेंटिमीटरच्या पट्ट्या कापून घेता येतात, प्रत्येकीवर नऊ आडव्या रेघा कोरून. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या एका फळीतून दोनशेच्या वर पट्ट्या निघतात, चारही गटांना पुरून उरतात. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) घेतलं तर वार्निशचा एक हात द्या, नाहीतर पावसाळ्यात कडा फुगतात आणि पट्टी दहा सुट्यांशी जुळत नाही. कापायला देताना नमुना म्हणून पेटीतला दंडा देऊ नका, दहा सुटे ठोकळे ओळीनं चिकटवून तेच माप द्या.